सिंहगडावरून उतरताना

रविवारी पहाटे पुण्याहून सिंहगडाकडे सायकलस्वारांची रांग लागते. खडकवासल्याला धरणापाशी जरा दम खायचा, की पुढे घाट! चढताना फार तर पाय भरून येतात. खरी परीक्षा उतरताना. ब्रेक लावला की आपलं वजन पुढच्या चाकावर येतं. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबलात, तर हँडलवरून थेट रस्त्यावर! नुसता मागचा दाबलात, तर चाक घसरतं. म्हणून दोन्ही ब्रेक, हळूहळू आणि वळणाच्या आधीच. मुरलेले सायकलस्वार नवख्यांना हे आवर्जून सांगतात. कुणाची सायकल पंक्चर झाली, तर ओळख नसली तरी पंप काढून देतात. (तुम्ही घेता ना पंप बरोबर?) मोठ्यांबरोबर जाणार असाल, तर आदल्या संध्याकाळीच ब्रेकचे रबर तपासा. झिजलं असेल तर आधी बदला, मग गड!