एक डोळा झांकून पहा

गेल्या चातुर्मासांत पोथी वाचतांना मधूनमधून ओळ वांकते व एखादें अक्षर पुसल्यासारखें होतें, असें मला वाटूं लागलें. चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशा समजुतीनें मीं चार महिने दवडले. एके दिवशीं नातवानें खेळतां खेळतां माझा डावा डोळा झांकला, आणि त्याच्या तोंडावरचें नाकच नाहींसें झालें! कान मात्र दोन्ही दिसत होते. नेत्रवैद्यांनीं तपासून सांगितलें, कीं उजव्या डोळ्याच्या पीतबिंदूस छिद्र पडलें आहे.

हें छिद्र पडतें कसें? भिजलेल्या सब्जाच्या बियांभोंवतीं जसा पारदर्शक बुळबुळीत पदार्थ जमतो, तशाच पदार्थानें डोळ्याची पोकळी भरलेली असते. त्यांत बहुतेक पाणीच. आधार सूक्ष्म तंतूंचा. तारुण्यांत तो मागील दृष्टिपटलास चिकटलेला असतो. उतारवयांत तो पातळ होतो, आकसतो व पटलापासून सुटूं लागतो. पुष्कळांचा तो निमूटपणें सुटतो. परंतु ज्या मध्यबिंदूनें आपण वाचतों व माणसें ओळखतों, तेथें त्याची पकड दृढ राहिली, तर ओढ बसून तें नाजूक स्थान फाटतें. साठीनंतर, विशेषतः स्त्रियांमध्यें, हा विकार अधिक आढळतो. ह्या ओढीचा क्रम गॅस ह्या अमेरिकन नेत्रवैद्यानें १९८८ सालीं विशद केला. तो पदार्थ काढून व डोळ्यांत वायूचा बुडबुडा भरून छिद्र बुजवितां येतें, हें केली व वेंडेल ह्यांनीं १९९१ सालीं दाखविलें.

ह्या विकारानें पूर्ण अंधत्व येत नाहीं. कडेची दृष्टि शाबूत राहते. म्हणूनच तो फसवितो. दोन्ही डोळे उघडे असतां चांगला डोळा दुसऱ्याचें वैगुण्य झांकून घेतो. माझी शस्त्रक्रिया झाली, कांहीं दिवस मान खालीं घालून काढले, छिद्र बुजलें. तरी ओळ अद्याप किंचित् वांकते. छिद्र जितकें जुनें, तितका गुण कमी. ते चार महिने आतां परत येणें नाहीं.

म्हणून वाचकांस एवढीच विनंति, कीं घरांतील वडील माणसांनीं महिन्यांतून एकदां चष्मा लावून, एकेक डोळा तळहातानें झांकून, दाराच्या चौकटीकडे पहावें. रेघ वांकडी वा मध्यें तुटलेली दिसली, तर तत्काळ नेत्रवैद्याकडे जावें. आजीबाई, आत्याबाई "आतां वय झालें" म्हणून गप्प बसतात. त्यांस विचारणें हें धाकट्यांचें काम आहे.