शेतकऱ्याच्या खिशात चाकू हवाच

बैलाच्या पायात दावे अडकले असताना कोयता आणायला घराकडे पळणारा माणूस मी पाहिला आहे. बैल वाचला, पण पाय अधू झाला. ताण बसलेली गाठ सुटत नसते, कापावीच लागते. आणि कोयता काही कोणी दिवसभर कमरेला बांधून हिंडत नाही.

म्हणून खिशात घडीचा चाकू ठेवा. पात्याला मोठा, वजनाला हलका. छोट्या चाकूने सुतळी तुटते, ओला कासरा नाही. जड चाकू चार दिवसांत फळीवर जाऊन पडतो. फ्रान्समध्ये 1890 पासून निघणारा ओपिनेल बघा: लाकडी मूठ, पातळ पाते, आणि 1955 पासून पाते अडकवणारी फिरती कडी. बारा नंबरचे पाते 12 सेंटिमीटर, तरी खिशाला ओझे नाही. आपल्या बाजारात मिळेल तो घ्या, पण पाते पक्के अडकत नसेल तर नको. ते बोटावर मिटते. खटक्याचा रामपुरी तर मुळीच नको.

पोलीस पाटलांनी शेतात असा चाकू दिसला म्हणून दरडावू नये. शस्त्र नियमांतली 9 इंची पात्याची मर्यादासुद्धा शेतीच्या अवजारांना लागू नाही. कलम 37 चा मनाई आदेश असेल तेव्हा, किंवा जत्रेला जाताना, मात्र चाकू घरीच ठेवा.

साध्या पोलादाला लिंबू-कैरीने गंज चढतो. पुसून तेलाचा हात फिरवा.