शंभुनाथ डे यांच्या प्रयोगाचा राहून गेलेला धडा

सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्यात पटकीच्या जंतूंचे द्रव सोडायचे, पोट शिवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडून पाहायचे. कोलकात्यात डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेली पद्धत एवढीच होती. बांधलेला भाग तांदळाच्या धुवणासारख्या पाण्याने फुगलेला आढळे. १९५९ मध्ये त्यांनी जंतू पूर्णपणे गाळून काढलेले द्रव वापरले, तरीही आतडे तसेच फुगले. म्हणजे हे पाणी जंतूने बाहेर सोडलेल्या विषामुळे येते. हा निष्कर्ष ‘नेचर’मधील एका छोट्या निबंधात प्रसिद्ध झाला.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली याच शहरात पटकीच्या जंतूचा अभ्यास करताना अशा विषाची शक्यता मांडली होती. मग ते सापडायला पंचाहत्तर वर्षे का लागली? शोधणारे बहुधा जंतूंचे द्रव प्राण्याच्या रक्तात किंवा उदरपोकळीत टोचत आणि प्राणी मरतो का, हे पाहत. डे यांनी विचारले: रोगी पाणी गमावून मरतो, तर ते पाणी जिथून जाते तिथेच का पाहू नये? त्यांनी प्रश्न बदलला आणि मोजायची राशीही बदलली.

भौतिकशास्त्रातून आयनवाहिन्यांच्या अभ्यासाकडे आलेल्या माझ्यासारख्याला त्या फुगलेल्या आतड्यात पेशीय संदेशवहनाचे संपूर्ण प्रकरण दिसते. पटकीच्या विषाचा एक भाग आतड्याच्या पेशीत शिरून तेथील ‘जी-प्रथिना’त रासायनिक बदल करतो. एरवी हे प्रथिन संदेश देऊन स्वतःच बंद होते. आता त्याची ही क्षमताच नष्ट होते. परिणामी पेशीत ‘सायक्लिक एएमपी’ हा संदेशवाहक रेणू साठत जातो आणि पेशीच्या आवरणातील ‘सीएफटीआर’ नावाची क्लोराइड-वाहिनी उघडी राहते. अशा एकेका उघड्या वाहिनीतून सेकंदाला लाखो आयन बाहेर पडतात. त्यांच्यामागून सोडियम आणि पाणी. तीव्र पटकीत रोगी तासाला एक लिटरपर्यंत पाणी गमावू शकतो, ते असे.

त्याच पेशीतील ग्लुकोज आणि सोडियम एकत्र आत घेणारा मार्ग मात्र या विषाने बंद पडत नाही. मीठ-साखरेचे पाणी जीव वाचवते ते यामुळेच. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरला आणि तेथील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांखाली आले.

डे यांची कथा आपल्याकडे सहसा दोन प्रकारे सांगितली जाते. एक, हळहळीची: नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव नोबेलसाठी एकाहून अधिक वेळा सुचवले, १९७८ च्या नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना आले, देशातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांना सदस्यत्व दिले नाही. दुसरी, कौतुकाची: पाहा, दोरा आणि ससा एवढ्यावर केवढे विज्ञान झाले!

हळहळ रास्त आहे. कौतुकाबद्दल मात्र मला शंका आहे, कारण ते कथा अर्ध्यावर सोडते. ते विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेले १९६९ मध्ये, अमेरिकेत. पुढे हेच विष जी-प्रथिनांच्या संशोधनाचे महत्त्वाचे हत्यार ठरले. त्या प्रथिनांच्या शोधासाठी १९९४ चे नोबेल दोन अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले. सीएफटीआरचे जनुक १९८९ मध्ये उत्तर अमेरिकेत सापडले. प्रश्न कोलकात्याचा, रोगीही कोलकात्याचे. साखळीचे पुढचे दुवे मात्र दूर देशी जोडले गेले. दोऱ्याने आतडे बांधता येते, प्रथिन शुद्ध करता येत नाही. त्यासाठी शीतगृहे, अपकेंद्रित्रे, प्रशिक्षित जीवरसायनज्ञ आणि दशकभर न आटणारा निधी लागतो.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे दुहेरी आहे. साधने नाहीत म्हणून प्रश्न विचारायचे थांबवू नका. काय मोजायचे, हे ठरवायला उपकरण लागत नाही. पण अल्पसाधनांतील यशाचे गोडवे गात कोणी तुमचा निधी नाकारत असेल, तर डे यांचा दाखला मान्य करू नका. त्यांच्या यशात साधनांच्या अभावाचा वाटा नव्हता. त्या अभावाने हिरावले ते पुढचे पाऊल.

आणि धोरण ठरवणाऱ्यांना एकच विनंती. आजही आपल्याकडे रोगी वैद्यकीय महाविद्यालयात असतो आणि आयनवाहिनीतील विद्युत्प्रवाह मोजणारा अभ्यासक दुसऱ्याच संस्थेत. दोघांची गाठ पडते ती बहुधा परिषदेतल्या चहाच्या वेळी. शोधाला पारितोषिक जरूर द्या, पण त्यापूर्वी या दोघांना एका छताखाली आणून किमान दहा वर्षे काम करू द्या.