टोपी प्राथमिक शाळेपुरतीच?

'टोपी नाही, तर खेळ नाही' हा ऑस्ट्रेलियातील प्राथमिक शाळांचा शिरस्ता एव्हाना रुळला आहे. टोपी विसरलेल्या मुलाने मधल्या सुट्टीत सावलीतच थांबायचे. कारण उघड आहे. या देशात सत्तरीपर्यंत दर तिघांपैकी दोघांना त्वचेचा कर्करोग गाठतो आणि त्याची बीजे बालपणीच्या उन्हात असतात. म्हणूनच व्हिक्टोरियात १९८१ मध्ये सदरा, मलम आणि टोपीचा प्रचार सुरू झाला. १९८८ मध्ये 'सनस्मार्ट' कार्यक्रम आला आणि पुढे तो शाळांत पोहोचला.

खरा पेच माध्यमिक शाळांचा आहे. तेथे टोपीची सक्ती अनेकदा नसतेच. शिवाय त्या वयात कर्करोगापेक्षा केस विस्कटण्याचीच धास्ती अधिक! अतिनील निर्देशांक ३ झाला की संरक्षण हवे, हे पाठ करून घेणे सोपे आहे. भर दुपारचे खेळाचे तास हलविणे आणि मैदानावर सावली उभारणे हे मात्र मुलांच्या नव्हे, शाळा आणि सरकारच्या हाती आहे.