मला काय घेतोस, तिकडे घे

परवा रात्री सेंड-ऑफच्या फिल्मची मीटिंग झाली. मीटिंग म्हणजे आठ जण, एक लॅपटॉप आणि कुणाच्या तरी घरून आलेला चिवडा. ठरलं काय, तर दरवर्षीचंच! चार वर्षांचे फोटो, स्लो मोशनमधल्या उड्या आणि खाली दोस्तीचं एखादं गाणं. मी विरोध केला, पण कुणी ऐकलं नाही. (आमच्याकडे ज्याचा लॅपटॉप त्याची मेजॉरिटी.) म्हणून हा लेखनप्रपंच.

तुम्ही म्हणाल, घरगुती व्हिडिओ तो, त्यात कसली आलीय गोष्ट? मलाही तसंच वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी आप्पांची, म्हणजे माझ्या आजोबांची, पंचाहत्तरी झाली. इंजिनिअरिंगचा नातू म्हणून शूटिंग माझ्याकडे. (आपण मेकॅनिकलचे असलो तरी टीव्ही, मोबाईल, मिक्सर ही सगळी खाती घरचे आपल्याकडेच देतात.) मीही मनावर घेतलं. होम, पंचाहत्तर दिव्यांचं औक्षण, सत्कार, भाषणं, पंगत, एकूण पावणेतीन तास. पंगतीत तर मोबाईल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत नेला आणि प्रत्येकाने हातातला घास थांबवून माझ्याकडे बघून हात हलवला. रात्री ते टीव्हीवर लावलं. पाच मिनिटं हशा झाला, मग काकू चहा टाकायला उठल्या, काका फोन आला म्हणून बाहेर गेले, ते आलेच नाहीत. शेवटी उरलो आप्पा आणि मी. आप्पा घोरत होते.

मागच्या पावसाळ्यात आजी गेली. दिवस झाल्यावर आईने विचारलं, "तुझ्याकडे आजीचं काही आहे का रे?"

मी पावणेतीन तास पुन्हा बघितले. आजी सापडली अकरा सेकंद. मागच्या पडवीत खवणीवर नारळ खवत बसलीय. वरसुद्धा न बघता म्हणते, "मला काय घेतोस, तिकडे घे. पुढे पाहुणे आलेत." आणि कॅमेरा वळतो. वळवणारा मीच. वळून दिसतो मांडवाचा खांब.

हे डोक्यातून जाईना. मग लक्षात आलं, मी त्या दिवशी कार्यक्रमपत्रिका शूट केली होती. गोष्ट म्हणजे काय? कुणाला तरी काहीतरी मनापासून हवंय, आणि ते मिळतं की नाही हे आपल्याला बघायचंय. आप्पांना त्या दिवशी फक्त हार काढून पडायचं होतं. पण आजीला दीडशे पानांना काही कमी पडायला नको होतं, पहाटे चारपासून ती त्याच काळजीत होती. म्हणजे खरी गोष्ट पडवीत चालली होती आणि मी मांडवात हात हलवणारे पाहुणे मोजत होतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आणला, पण त्याआधी १९१२ मध्ये घरच्या घरी एक छोटीशी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. कुंडीत वाटाणा पेरायचा आणि तो उगवून वर येईपर्यंत थोडं थोडं चित्रण करत राहायचं. ना नट, ना गाणं. तरी ती दाखवून त्यांनी सिनेमासाठी भांडवल मिळवलं! बघणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न, पुढे काय होणार? मोठमोठ्या बजेटच्या लग्नाच्या व्हिडिओत हा प्रश्न तासभरात एकदाही पडत नाही. पडलाच तर 'कधी संपणार?' हा.

दुसरा माणूस रशियाचा. कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने १९२० च्या सुमारास एका नटाचा तोच तो निर्विकार चेहरा एकदा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी. लोकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख. अर्थ नुसत्या शॉटमध्ये नसतो, शेजारी काय ठेवलंय त्यावरही ठरतो. हे वाचल्यावर मी आप्पांचा व्हिडिओ पुन्हा कापायला घेतला. एका पाहुण्यांच्या भाषणात वाक्य होतं, 'आप्पांनी एकट्याच्या हिमतीवर हे घर उभं केलं.' त्याच्यापुढे लगेच आजीची खवणी जोडली. बाकी टाळ्या वगैरे सगळं काढून टाकलं.

रूममेट म्हणाला, ही फसवाफसवी झाली. नारळ सकाळी सातचा, भाषण अकराचं. वाद पहाटेपर्यंत चालला. माझं मत असं, की घडलेल्या गोष्टींचा क्रम बदलणं हे सांगणाऱ्याचं काम आहे, आपली आजीही भुताची गोष्ट कुठे पहिल्या दिवसापासून सांगते? फसवाफसवी म्हणजे 'आजी, जरा पुन्हा खव ना, फोकस गेला होता' असं म्हणून करून घेणं. ते मी कधी करणार नाही.

कापून उरली सहा मिनिटं. अजून कितीतरी हवं होतं, पण मी काही घेतलंच नव्हतं. कॅमेरा एका जागी दहा सेकंद जरी धरला असता तर बरंच मिळालं असतं. झूम करण्याऐवजी उठून दोन पावलं जवळ जायला हवं होतं. आणि आवाज! खवणीची खरखर मी भाषणाच्या आधीच सुरू केली, चित्र नंतर येतं. तेवढ्यानेही आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिथे गाणं टाकलं असतं तर ती खरखर बुडाली असती, म्हणून माझा गाण्यावर राग.

आप्पांनी सगळं बघितलं, जागे राहून. म्हणाले, "नारळ परत लाव." चार वेळा लावला.

तर फायनल इयरवाल्यांनो, मीटिंग शनिवारी पुन्हा आहे. टेक-फेस्टच्या स्टेजचे फोटो आपल्याकडे ढीगभर आहेत. मला हवंय ते मेसमध्ये पहाटे पहिली पोळी लाटली जाते तेव्हाचं, व्हायवाच्या दाराबाहेरच्या रांगेचं, रात्री गेट उघडताना वॉचमनकाका जे पुटपुटतात त्याचं. कुणाच्या मोबाईलमध्ये चुकून आलं असेल तर डिलीट करू नका. हललेलं, अंधारलेलं चालेल. शुक्रवारपर्यंत माझ्या रूमवर आणून द्या. लॅपटॉपवाल्याला मी पटवतो, चिवडा माझ्याकडून.