माडाच्या खोडाला कान लावा



‘दुखत नव्हते, म्हणून आलो नाही,’ हे वाक्य मी दवाखान्यात नित्य ऐकतो. गतवर्षी तीच चूक माझ्याही हातून घडली. परसात वडिलांनी लावलेल्या माडाच्या खोडावर तांबूस ओघळ दिसत होता. तो पावसाचा डाग असावा, असे मी समजत राहिलो. शेंडा कलला तेव्हा सोंड्या भुंग्याच्या अळ्यांनी खोड आतून पोखरून टाकले होते.

माडाला वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेले. फांदी फुटून ते पुन्हा सावरत नाही. शिवाय पोखरलेला माड घरावर कोसळण्याचे भय असते. म्हणून निदान लवकर व्हावयास हवे.

प्रथम शेंडा पाहा. झावळीवर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसल्यास ते गेंड्या भुंग्याचे काम समजावे. त्याने केलेल्या जखमेत सोंड्या भुंग्याची मादी अंडी घालते. मधुमेही माणसाच्या पायाच्या जखमेतून जंतू शिरावेत, तसेच हे. मग खोड न्याहाळा: बारीक भोके, तपकिरी द्रव, चावलेल्या तंतूंचा भुसा. शेवटी खोडाला कान लावा. अळ्या कुरतडत असल्याचा आवाज कधी कधी ऐकू येतो. मी आता स्टेथोस्कोप लावतो. शेजारी हसतात, हसोत! 5 ते 20 वर्षांच्या माडांना धोका अधिक असतो.

माडाला जखम होऊ न देणे, हेच खरे पथ्य. चढण्यासाठी खोडाला खाचा पाडू नयेत. हिरवी झावळ तोडताना सुमारे 1 मीटर देठ राखावा. शेणखताच्या खड्ड्यात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात. खत उपसताना त्या वेचून माराव्यात.

वैद्य म्हणून एक विनवणी. धान्यातील किडीसाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या खोडाच्या भोकात घालण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नका. त्यांतून निघणाऱ्या विषारी वायूवर उतारा नाही आणि घरात मुले वावरत असतात. उपचार कृषी अधिकाऱ्यांना किंवा रत्नागिरीजवळील भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रात विचारूनच करावा.

या रविवारी परसात एक फेरी मारा. आणि रक्तदाब मोजून बराच काळ लोटला असेल, तर सोमवारी दवाखान्याचीही एक फेरी होऊ द्या.