खुर्चीसाठी म्हातारा, गेटवर मात्र जवान



आज पिकाची नोंद नाही. ऊस, आलं, हरभरा सगळं जागेवर आहे, त्यावर उद्या लिहीन. आज माणसाची नोंद करायची आहे. विषय थोडा कडू आहे आणि आपल्या घरातलाच आहे.

आमच्या भागातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीनं गोदाम सांभाळायला माणूस हवा म्हणून पत्रक काढलं. मी तिथला सभासद. कामं लिहिली होती: मालाची आवक-जावक, स्टॉक रजिस्टर, वजनकाटा, हमालांवर देखरेख. आणि खाली एक ओळ, वयोमर्यादा 35 वर्षे. आमच्या शिवारातल्या एका माजी हवालदारानं अर्ज केला. वय 43, नोकरी 24 वर्षं, सगळी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये. म्हणजे काय, तर पलटणीचं रेशन, डिझेल, गाड्या वेळेवर पोचवणारं खातं. अर्ज वयावर बाद. मुलाखतीलासुद्धा बोलावलं नाही. आठ दिवसांनी त्याच कंपनीतून निरोप आला, "मेजर, रात्रीचा वॉचमन म्हणून येता का? बारा तास ड्युटी." तिथं वयाची अट नव्हती!

आता सांगा, 43 व्या वर्षी माणूस खुर्चीत बसून रजिस्टर लिहायला म्हातारा होतो, पण थंडीत रात्रभर गेटवर उभं राहायला तोच जवान कसा? म्हणजे ही अट वयाची नाहीच. पगाराची आणि पायरीची आहे. चांगल्या कामाला 'वय झालं' आणि हलक्या कामाला 'फौजी माणूस, काटक आहे'. ही सोय आहे, नियम नाही.

आपल्या सातारा जिल्ह्यात हे काय फौज म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. अपशिंगे गावाच्या नावापुढंच 'मिलिटरी' लागलंय. माण-खटावच्या कोरडवाहू पट्ट्यात रान पिकत नव्हतं म्हणून पोरं भरतीला पळाली, आणि त्यांच्या मनिऑर्डरीवर इथल्या विहिरी खणल्या गेल्या, मोटारी बसल्या. तीच पोरं चाळिशीला परत येतात. फौज त्यांना सोडते ती माणूस निकामी झाला म्हणून नव्हे, सैन्य तरुण राहावं म्हणून. देशभरात दरवर्षी सुमारे 60 हजार जण असे बाहेर पडतात. 'शेप वन' मेडिकल घेऊन आलेला माणूस गावातल्या तिशीतल्या पोराला बांधावर मागं टाकील. पण घरी आल्यावर हिशेब वेगळाच असतो. भावाभावांत वाटून आलेलं दीड-दोन एकर रान, पोरगा बारावीला, पोरगी कॉलेजला, आणि पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास. खर्च टोकाला जातो नेमका तेव्हाच कमाई निम्मी होते.

सरकारचा कायदा याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणा आहे. केंद्राच्या 1979 च्या नियमांप्रमाणं गट क च्या भरतीत माजी सैनिकाच्या वयातून फौजेतली वर्षं वजा होतात आणि वर 3 वर्षांची सूट मिळते. आमच्या हवालदाराचा हिशेब मांडा: 43 वजा 24, राहिले 19. सरकारदरबारी तो एकोणीस वर्षांचा, आणि आपल्याच कंपनीत म्हातारा! महाराष्ट्रात गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे. पण सरकारी जागा किती निघतात ते आपण बघतोच. बाकी सगळं खाजगी, आणि तिथं हा नियम लागू नाही. राज्यघटनेच्या कलम 16 मध्ये सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यावरून भेदभाव करू नये असं आहे, वय त्या यादीत नाही. खाजगी नोकरीत वयावरून डावलू नका असं सांगणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडं नाही. त्यामुळं पत्रकात 35 लिहिणाऱ्याला कुणी विचारत नाही.

गंमत बघा, ज्या कामाला फौजी हमखास ढकलला जातो त्या सिक्युरिटीच्या 2005 च्या कायद्यात गार्डचं वय 18 ते 65 धरलंय. माजी सैनिकांना प्राधान्य 'देता येईल' असंही लिहिलंय. 'द्यावं' नाही, 'देता येईल'! त्या एका शब्दात सगळं निसटतं. फवारणीचा ड्रोन उडवायचं घ्या. 2021 च्या ड्रोन नियमांत पायलटचं वय 18 ते 65, शिक्षण दहावी पास. उडत्या यंत्राला 65 चालतात आणि वजनकाट्याला 43 चालत नाहीत?

आता पलीकडची बाजू. संचालक मंडळी मला म्हणाली, "पोरांना कॉम्प्युटर येतो." येत असेल. मग तासाभराची परीक्षा घ्या, एक्सेलमध्ये आवक-जावक भरायला सांगा. ज्याला येईल तो घ्या. वय हे त्या परीक्षेचं उत्तर नाही.

दुसरं म्हणणं, "फौजी तापट असतात, कुणाचं ऐकत नाहीत." यात थोडं तथ्य आहे, नाकारत नाही. आपल्या गावचं 'चालतंय की' काहींना लवकर पचत नाही. पण तो स्वभाव झाला, वय नव्हे. तो मुलाखतीत कळतो, आणि मुलाखत तर घेतलीच नाही. खरी भीती मला वेगळीच दिसते. हा माणूस संचालकाची ट्रॉली आली तरी काट्याची पावती मागेल, आणि सही नसेल तर पोतं बाहेर सोडणार नाही. तेच जर अडचणीचं असेल तर तसं स्पष्ट म्हणा, वयाआड लपू नका.

तिसरं आणि सगळ्यात लागणारं, "तुम्हाला पेन्शन आहे की, मग एवढा पगार कशाला?" मंडळी, पेन्शन म्हणजे काही खैरात नव्हे. 1982 च्या नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलंय, ती झालेल्या नोकरीची कमाई आहे. ज्याच्या घरी वडिलोपार्जित बागायत आहे त्याचा पगार आपण कापतो का? मग सियाचीनला हाडं गोठवून मिळवलेल्या पेन्शनवर डोळा का?

काही जण म्हणतील, आता अग्निवीर येतील, सगळे पंचविशीच्या आतबाहेरचे, वयाचा प्रश्नच मिटला. मिटत नाही, वाढतो. 2022 च्या योजनेत 4 वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के ठेवायचे, बाकी बाहेर. ही शिस्त शिकलेली तरुण पोरं त्याच दारात उभी राहणार, आणि चाळिशीचा हवालदार आणखी मागं सरकणार.

आणि हे सगळं शेतकऱ्यांनी करावं याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्यात निवृत्ती नावाची गोष्ट नाही. लाईट रात्रीची असली की पासष्टीचा बाप बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो, तेव्हा कुणी वयोमर्यादा काढत नाही. पत्रक मंजूर करणाऱ्या मंडळातले निम्मे साठीच्या पुढचे आहेत. वय त्यांच्या सहीला आडवं आलं नाही.

म्हणून सरळ तीन गोष्टी सांगतो. कारखाना, दूध संघ, सोसायटी, उत्पादक कंपनी, जिथं जिथं तुमचा शेअर आहे तिथल्या सभेत मांडा.

एक, भरतीच्या पत्रकातून वयाची ओळ काढा. फार तर फौजेतली वर्षं वजा करून वय धरा, सरकार धरतं तसं.
दोन, कामाची परीक्षा घ्या. ईएमईचा मेकॅनिक औजार बँकेचा ट्रॅक्टर खोलून दाखवील, सिग्नलवाला ऑटोमेशनची वायरिंग लावील, स्टोअरवाला गोदाम मोजून देईल.
तीन, पेन्शन बघून पगार ठरवू नका. कामाचा दर तोच द्या.

कृषी खात्यातल्या आणि कृषी विज्ञान केंद्रातल्या साहेबांनाही विनंती. ड्रोनचं, यंत्र दुरुस्तीचं, गोदाम व्यवस्थापनाचं प्रशिक्षण लावाल तेव्हा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला एक पत्र टाका. 'ग्रामीण युवक' एवढंच लिहून दार बंद करू नका.

15 ऑगस्टला मेजर म्हणून झेंड्याला बोलवायचं, फेटा बांधायचा, नारळ द्यायचा, आणि 16 तारखेला गेटवरचं स्टूल दाखवायचं. नारळ नको, अर्ज वाचा. तेवढं पुरे.